टाळू उचलली, असं मी म्हणाले

टाळू हे एकच नाव आमच्याकडे दोन जागांना आहे. एक तोंडात, जिभेच्या वर. दुसरी तान्ह्या पोराच्या डोक्यावर, कपाळाच्या वरच्या अंगाला, जिथं हाड नसतं आणि हात ठेवला की खालून टुकटुक लागतं. या एका नावापायी मी पंचवीस वर्षं लोकांच्या पोरांच्या तोंडात बोट घालत आले.

माझी शाळा चौथीपर्यंत. घर जळोचीत. मागं थोडं रान, कॅनॉलच्या पाण्यावर वांगी, गवार, मेथी व्हायची. मालक ती बारामतीच्या मंडईत घालायचे आणि मी रानातलं उरकून आजूबाजूच्या बाळंतिणींना आणि पोरांना न्हाऊ घालायला जायचे. हे काम सासूनं शिकवलं. ती शिकवायची म्हणजे चुकलं की मनगटावर चापट मारायची.

पोराला पसरलेल्या पायांवर आडवं घ्यायचं, अंग चोळायचं, ऊन पाणी घालायचं, पुसायचं, शेकायचं. सगळं झालं की खोबरेल कोमट करून तळहाताच्या खळग्यात घ्यायचं आणि डोक्यावरच्या मऊ जागेवर ठेवायचं. जिरेपर्यंत हात हलवायचा नाही. दाबायचं तर मुळीच नाही. याला टाळू भरणं म्हणतात. सासू म्हणायची, "रोज त्याल भर, दीड वरसात भरतीया." आम्हाला वाटायचं, ती तेलानंच भरते. भिंतीतलं भोक लिंपून बुजवतात तसं.

पोराला जुलाब लागले, ओकाऱ्या झाल्या की ती जागा आत जाते. खळगा पडतो. त्याला टाळू पडली म्हणायचं. पडलेली वस्तू उचलायची असते. कुठून उचलायची? खालून. खाली काय आहे? तोंड. आणि तोंडात तर टाळू आहेच. इतकं सरळ होतं ते. आईनं पोर मांडीवर घेऊन दोन्ही हातांनी डोकं गच्च धरायचं. मी बोटाला तेल लावून तोंडात घालायचे, वरच्या जबड्याच्या मधोमध टेकवून तीनदा वर रेटायचे. मग डोक्यावर तेलाचा कापूस ठेवायचा. झालं. पोरं जगायची. जी जगायची नाहीत त्यांना उशिरा आणलेलं असायचं.

एकदा बावड्याहून एक बाई सहा महिन्यांची पोरगी घेऊन एसटीनं आली. इतक्या लांबून आली म्हणून मला बरं वाटलं होतं. पोरगी किरकिरत होती. तीनदा रेटलं तशी गप झाली, मान टाकली. मी म्हटलं, "बघ, कशी शांत झाली." बाई पाया पडली आणि दुपारच्या गाडीनं परत गेली. आठवड्यानं तिच्या गावचा माणूस मंडईत मालकांना भेटला. पोरगी दुसऱ्याच दिवशी गेली म्हणाला. मालकांनी घरी येऊन सांगितलं. मी म्हणाले, "उशिरा आणली. तसंच सांगा तिला." आणि रोजच्यासारख्या दोन भाकरी खाल्ल्या. लिहायला बरं वाटत नाही, पण खाल्ल्या.

त्याच्या पुढच्या वर्षी माझ्या लेकीला मुलगा झाला. बाळंतपण माझ्याकडेच. सव्वा महिना मीच न्हाऊ घातलं, मीच टाळू भरली. तिसऱ्या महिन्यात तिला सणसरला सासरी पोचवलं. नव्वद सालाच्या पुढची दोन-तीन वर्षं असतील. पोर पाचव्या महिन्यात होतं आणि ऊन असं की सकाळी नऊलाच पायताणाशिवाय चालता येत नव्हतं. दुधाच्या गाडीवाल्याकडून निरोप आला. पोराला परवापासून जुलाब आहेत, टाळू पडलीय, तुम्ही या.

मी तेलाची बाटली आणि कापूस पिशवीत टाकला आणि निघाले. डॉक्टरला दाखवा, असा उलटा निरोप धाडायचं डोक्यातसुद्धा आलं नाही.

विहीण दारातच उभी होती. "या, या डाक्टरीणबाई. लगीन ठरवताना तुमच्या मालकांनी सांगितलं हुतं, आमच्या घरात टाळू उचलणारी हाय म्हणून. आता दावा हात."

"आदी पोराला तर बघू द्या," मी म्हणाले.

लेक आतल्या खोलीत पोर घेऊन बसली होती. ती दहावी शिकलेली. लग्नात हेच एक अंगावर घालायला दिलं होतं, असं विहीण म्हणायची. पोराचे डोळे आत गेले होते. टाळूवर अंगठा ठेवला तर तो खळग्यात बसला. टुकटुक लागत होती, पण भरभर आणि बारीक.

लेक म्हणाली, "आये, सकाळपास्नं अंगावरचं बंद केलंय आत्याबायनी."

"व्हय, म्याच बंद केलं," विहीण म्हणाली. "वरनं पाजायचं आन खालनं काढायचं, कशाला?"

"बरूबर केलं," मी म्हणाले. लग्न झाल्यापासून आम्हा दोघींचं एका गोष्टीवर पहिल्यांदा जमलं ते हे.

"सिस्टरबाई पाकीट देऊन गेल्यात," लेक म्हणाली. "पाण्यात कालवून चमच्या-चमच्यानं पाजा म्हनल्या. आत्याबायनी ते चटणीच्या डब्यामागं ठिवलंय."

"घागर फुटली तर आदी भोक बुजवायचं का वरनं पाणी वतायचं?" विहीण मला म्हणाली. "सांगा तुमच्या शिकलेल्या लेकीला."

मी हसले. मला ते बोलणं पटलं होतं.

विहिणीनं डोकं धरलं. मी तीनदा रेटलं. पोराला उमासे आले, ते रडलं. डोळ्यांत पाणी नव्हतं. ते मी पाहिलं आणि सोडून दिलं. कापूस ठेवला. विहिणीनं विचारलं, "उचलली?"

"उचलली."

ती वेळ दहाची. लेकीनं भाकरी वाढली, मी जेवले. मग लेकीच्या खाटेजवळ बसून पोराकडं बघत राहिले. ते झोपलं होतं. झोपलेलं पोर हात उचलून सोडला तर जरा ओढून घेतं. याचा हात सोडला तसा खाली पडला. लेकीनं तीन वेळा येऊन लंगोट चाचपला. तिसऱ्यांदा ती म्हणाली, "आये, ह्येनं सकाळपास्नं शू केली न्हाय."

"कुठनं करंल? पोटात काय हाय?" मी म्हणाले. आपण काय बोललो ते मला त्या वेळी कळलं नाही.

एकच्या सुमाराला आणखी एकदा पातळ झालं, नुसतं पाणी. कापूस उचलून बघितलं. खळगा सकाळपेक्षा खोल. शेजारच्या दोघी आल्या होत्या, त्यांनी वाकून बघितलं आणि एकमेकींकडं बघितलं. विहीण म्हणाली, "परत पडली. परत उचला."

लेकीला म्हटलं, डोकं धर. ती उठून उभी राहिली. "म्या न्हाय धरायची. सकाळी उचलली न्हवं? मग पडली कशी?"

"ए, आईला उलटून बोलू नगं," विहीण म्हणाली.

"बोलत न्हाय. इचारतीया." एवढं म्हणून तिनं चपला घातल्या आणि सिस्टरबाईंना आणायला उन्हात निघून गेली. सासूला न विचारता ती उंबऱ्याबाहेर पडली ही तिची पहिलीच वेळ.

विहिणीनं पोराचं डोकं धरायला हात पुढं केले. मग तिनं ते मागं घेतले, पदरात गुंडाळले आणि शेजारणीकडं बघून म्हणाली, "माझ्या हाताला मुंग्या आल्यात." पोर माझ्याच मांडीवर घेतलं. डावा हात डोक्याखालून घालून पंजात डोकं धरलं. तसं धरल्यावर डाव्या हाताचा अंगठा आपसूक टाळूवर आला. उजव्या हाताचं बोट तोंडात घातलं.

पंचवीस वर्षांत माझा एक हात वर आणि एक हात खाली असं कधी झालं नव्हतं. डोकं नेहमी दुसरं कुणी धरायचं.

मी खालून रेटलं. वरच्या अंगठ्याला काहीच लागलं नाही. जोरानं रेटलं. बोटाखाली हाड होतं, घट्ट, जात्याच्या दगडासारखं. ते कुठं जाणार? वर अंगठ्याखाली ती मऊ जागा होती तिथंच होती, केसभरसुद्धा हलली नाही. मला वाटलं आपलं बोट सरकलं असेल. बोट परत बसवलं, परत रेटलं, अंगठ्यावर सगळं ध्यान ठेवून. काही नाही. खालची टाळू खाली, वरची वर. दोघींचा एकमेकींशी काही संबंध नव्हता.

बोट बाहेर काढलं तर नखाला रक्त होतं. मी ते पदराला पुसलं.

"उचलली?" विहिणीनं विचारलं. शेजारणी बघत होत्या.

"उचलली," मी म्हणाले.

का म्हणाले? पंचवीस वर्षं मी तोच शब्द म्हणत आले होते, तो तोंडात तयार होता. आणि लेकीच्या सासरी, परक्या बायांच्या समोर, माझी अक्कल काढली जाईल याची मला भीती वाटली. पोराची काळजी त्या घटकेला या भीतीच्या मागं होती. हे असं आहे.

पोर गप पडलं होतं. शेजारीण म्हणाली, "शांत झालं बाई." अगदी तेच मी बावड्याच्या बाईला म्हटलं होतं. मी पोराच्या पोटाचं कातडं चिमटीत धरून सोडलं. ते तसंच उभं राहिलं. आमच्या म्हशीच्या रेडकाला हगवण लागली की मालक मानेचं कातडं असंच धरून बघायचे आणि उभं राहिलं की ओरडायचे, "पाणी आण, गूळ-मीठ आण, ह्ये वाळाय लागलंय." बांबूच्या नळीनं ते रेडकाला पाणी पाजायचे. एकही रेडकू त्यांनी असं मरू दिलं नव्हतं. आणि इथं मी भाकरी खाऊन पोराजवळ बसले होते.

तेवढ्यात लेक सिस्टरबाईंना घेऊन आली. तरणीच बाई होती, उन्हानं लाल झालेली. तिनं पिशवी ठेवली, पोराला हात लावला आणि तोंडावरचा घाम पुसायची थांबली. "शू कधी केली?"

"सकाळपास्नं न्हाय," लेक म्हणाली.

"माझं पाकीट पाजलं?"

लेकीनं सासूकडं बघितलं. सिस्टरबाई म्हणाल्या, "याला आत्ताच्या आत्ता बारामतीला न्या. सलाईन लावावी लागेल. संध्याकाळपर्यंत थांबू नका."

"कशाला?" विहीण पुढं आली. "ह्या उन्हाचं पोराला बाहीर काढायचं? गाडीतच काय झालं मंजी? आत्ताच टाळू उचललीया. इहीणबाईंच्या हाताला गुण हाय. इचारा की त्यास्नी."

सगळ्या माझ्याकडं बघायला लागल्या. सिस्टरबाई, विहीण, त्या दोघी. लेक बघत नव्हती, ती पोराकडं बघत होती. मी होय म्हटलं असतं तर विहिणीनं पोर हलू दिलं नसतं. जावई रानात होता, त्यानं आईचं ऐकलं असतं. हे मला स्पष्ट दिसत होतं. तरी तोंड उघडायला वेळ लागला.

"न्हाय उचलली," मी म्हणाले.

"काय म्हनला?"

"न्हाय उचलली. सकाळीबी न्हाय आन आत्ताबी न्हाय. म्या वरनं हात ठिवून बघितलं. खालनं कितीबी रेटा, वर काय हालत न्हाय."

"आन मग आत्ता उचलली म्हनला ते?"

"खोटं बोलले."

सिस्टरबाई हळू आवाजात म्हणाल्या, "आजी, तोंडातली टाळू हाडाची. डोक्यावरच्या टाळूत अजून हाडच नाही. नाव एक म्हणून काय झालं? अंगातलं पाणी गेलं की ती खाली बसते. पाणी भरलं की वर येते. दुसरं काही नाही त्यात."

"पाणी पाजलं तर जुलाब वाढत्यात," विहीण म्हणाली, पण आता तिचा आवाज खाली आला होता.

मी तिला विचारलं, "रेडकाला हगवण लागली तर तुमी काय करता?"

"गूळ-मिठाचं पाणी पाजतो."

"मग?"

"माझा नातू मंजी रेडकू हाय व्हय?"

"रेडकाचं नशीब बरं म्हनायचं मग," शेजारीण म्हणाली. विहिणीनं तिच्याकडं असं बघितलं की ती दुसऱ्या बाईच्या आड झाली. आणि मग विहीण स्वतःच उठली, आत गेली, चटणीच्या डब्यामागचं पाकीट काढून सिस्टरबाईंच्या हातात दिलं.

जावयाला बोलवायला पोरगं पिटाळलं. त्याची पाण्याची पाळी होती. कॅनॉलचं पाणी दहा-बारा दिवसांनी यायचं आणि सऱ्यांची दारं सोडून माणूस हलला तर ऊस कोरडा राहायचा. तो गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेला आला. उसाला दिवसभर पाणी चाललं होतं आणि घरात पोर वाळत होतं. जावयानं पोर बघितलं आणि तसाच रस्त्याला जाऊन वडापची जीप थांबवली. जीपवाला मागं माणसं भरेपर्यंत हलायचा नाही, ही त्या लोकांची रीत. त्यानं लेकीच्या मांडीवर बघितलं आणि रिकाम्या जीपनं निघाला.

जीपमध्ये लेक पोर घेऊन मध्ये, मी एका बाजूला, विहीण दुसऱ्या बाजूला. तिला कुणी ये म्हटलं नव्हतं. सिस्टरबाईंनी पाकीट तांब्यात कालवून दिलं होतं. चमचाभर पाजायचं, घोट उतरायची वाट बघायची, परत चमचा. ओकलं तर जरा दम धरायचा आणि परत चालू करायचं. मी पाजत होते. खड्डा आला की चमचा सांडायचा. अर्ध्या वाटेत ते ओकलं. जेवढं पाजलं होतं त्याहून जास्त बाहेर आलं असं वाटलं. विहीण म्हणाली, "बघा. म्या सांगत हुते." मी तोंड पुसलं, दम धरला, परत चमचा लावला. पुढं त्यानं ओठ मिटून घेतले. चमच्यानं उघडायला गेले तर पाणी गालावरून कानात गेलं.

"आये, ह्येला झोप लागली का काय?" लेक म्हणाली.

"झोपू दिऊ नगं. तळपाय चोळ."

ती तळपाय चोळत होती. माझा अंगठा टाळूवर होता. खालची टुकटुक कधी लागायची, कधी जीपच्या हादऱ्यात कळायची नाही. कळेनाशी झाली की मी श्वास धरायचे. जीपवाल्याला मी दोनदा थांब म्हटलं, नुसतं हादरा बंद करून टुकटुक लागते का बघायला. दुसऱ्यांदा जावई म्हणाला, "मामी, आता थांबवू नगा." त्याचं बरोबर होतं.

बारामतीच्या दवाखान्यात डॉक्टरनं पोर लगेच घेतलं. हाताला शीर सापडेना, पायाला सापडेना. सगळ्या शिरा दबलेल्या. त्यांनी चार वेळा सुई टोचली, पोर रडलंही नाही. मग त्यांनी ब्लेड मागवलं आणि डोक्याच्या एका बाजूचे केस ओले केले.

विहीण मध्ये आली. "आवं, जावळ हाय ते! मामाच्या मांडीवर काढायचं अस्तंय. अजून काढलं न्हाय."

"आजी, मामाला बोलवत बसू का पोराला बघू?"

ती बाजूला झाली. डॉक्टरनी कानाच्या वरचे केस ब्लेडनं काढले. ते जावळ फरशीवर पडू नये म्हणून ती खाली बसली आणि पदर पसरून धरला. जेवढे केस पडले तेवढे झेलले. मग सुई डोक्यातच घातली, टाळूपासून तीन बोटांवर. ज्या डोक्याला मी नखही लागू दिलं नव्हतं त्यात सुई गेली आणि चिकटपट्टीनं बसवली. नळीतून थेंब पडायला लागले.

डॉक्टरनी तोंड उघडून बघितलं. "ही जखम कशाची?"

लेक खाली बघायला लागली. विहीणही काही बोलली नाही, हे तिचं मला मानावं लागतं.

"म्या केली," मी म्हणाले. "टाळू उचलायला बोट घातलं."

ते ओरडतील असं वाटलं होतं. त्यांनी विचारलं, "किती पोरांना केलंय असं?"

"मोजली न्हाईत."

ते पुढच्या खाटेकडं गेले. ओरडले असते तर बरं झालं असतं.

आम्ही तिघी बाकड्यावर बसलो. थेंब मोजायला जावं तर चुकायचे, सोडून द्यावं तर बघावंसं वाटायचं. लेक माझ्या शेजारी बसली नव्हती, मध्ये विहीण होती. एक बाटली अर्धी झाली. उन्हं खाली आली, खिडकीतून पायांवर पडली. नर्सनं पोर लेकीच्या मांडीवर दिलं आणि सांगितलं, नळी ताणू नका. लेकीला तहानेनं चक्कर येत होती, दिवसभर तिनं स्वतःही पाणी घेतलं नव्हतं. तिनं पोर माझ्या मांडीवर ठेवलं. ठेवताना म्हणाली, "नुसतं धर. काय करू नगं."

"न्हाय करत."

मी नुसतं धरलं. थोड्या वेळानं मांडीला ऊनऊन लागलं आणि लुगडं ओलं झालं. मला आधी वाटलं नळी निसटली. मग वास आला.

"मुतलं!" मी ओरडले. सगळा वॉर्ड माझ्याकडं बघायला लागला. विहीण उठून आली, तिनं माझ्या ओल्या लुगड्याला हात लावून खात्री केली आणि हात तसाच स्वतःच्या पदराला पुसला.

दुसऱ्या दिवशी टाळू वर आली. कुणी उचलली नव्हती. डॉक्टर फेरीला आले तेव्हा मी त्यांना विचारलं, तेलानं भरते का ती? ते म्हणाले, तेल कातड्याच्या वरच राहतं. हाडं चारी बाजूंनी आपली आपण वाढत येतात आणि मध्ये मिळतात. मागं एक बारकी टाळू असते, ती दोन-तीन महिन्यांतच मिटते. पुढच्या मोठीला दीड वर्ष लागतं. तेल लावायचं तर लावा, बोट घालू नका.

पुढं सणसरला गेले की मी पहिल्यांदा नातवाच्या डोक्यावर अंगठा ठेवायचे. विहीण विचारायची, "भरली का?" मी म्हणायचे, "अजून न्हाय. दोन बोटं हाय." पुढच्या वेळी दीड बोट. मग एक. आता मी तिला बरोबर तेवढंच सांगायचे आणि तीही परत विचारून खात्री करायची. चालायला लागल्यावर पोर हात झटकून पळायला लागलं. पुढच्या उन्हाळ्यात एकदा पकडून अंगठा ठेवला तर खाली हाड लागलं. टुकटुक नव्हती. विहिणीनं विचारलं. मी लेकीला म्हटलं, तू बघून सांग. तिनं बघितलं, म्हणाली, "भरली."

त्याच उन्हाळ्यात बावड्याची बाई परत आली. मी मेथीच्या जुड्या बांधत ओट्यावर बसले होते. तिच्या कडेवर दुसरं पोर होतं, मुलगा, चार महिन्यांचा. कालपासून जुलाब, टाळू जराशी आत. ती एसटीतून उतरून धावतच आली होती, दम लागला होता, आणि तोंडावर एक प्रकारचा आनंद होता.

"मावशी, ह्या टायमाला न्हाय उशीर केला," ती म्हणाली. "तुमी सांगितलं हुतं न्हवं, उशिरा आणली म्हणून. आज दिसली टाळू आन आजच आणलं बघा."

वाटेत इंदापूर आणि बारामती, दोन्हीकडं दवाखाने होते. ते सोडून ती माझ्याकडं आली होती, कारण मी तिला तसं सांगितलं होतं.

मी उठले, पाणी उकळायला ठेवलं, निववलं, चुलीमागचं मीठ पेल्याला चिमूटभर आणि साखर चमचाभर अशा मापानं घालून तांब्यात कालवलं. ती म्हणाली, "आदी टाळू उचला की."

"उचलत न्हाईत ती," मी म्हणाले. "उचलता येतच न्हाय. म्या खोटं करत हुते. तुझ्या पोरीलाबी पाणीच पायजे हुतं. तुजा उशीर न्हवता झाला. येळेवर आणली हुतीस. चूक माजी."

पोर किरकिरत होतं. मी चमचा भरून त्याच्या तोंडाशी नेला तशी तिनं पोर मागं ओढलं. चमचा माझ्या हातात तसाच राहिला. मला वाटलं आता ती शिव्या देईल, आणि दिल्या असत्या तर मी ऐकल्या असत्या.

"चमचा द्या हिकडं," ती म्हणाली.

मी दिला. तांब्या तिच्या बाजूला सरकवला. माझ्याकडं पाठ करून ती भिंतीकडं तोंड करून बसली आणि एक-एक चमचा पाजायला लागली. पोर भुकेलं होतं, चटाचटा पीत होतं. तांब्या अर्धा झाल्यावर मी सांगितलं, रिक्षा करून देते, दवाखान्यात दाखव. ती उठली. रिक्षा तिनं स्वतःच थांबवली. तांब्या मात्र बरोबर घेऊन गेली, तो काही परत आला नाही. त्या गावचा माणूस मंडईत आला की मालक पोराचं विचारायचे. पोर बरं होतं.